न्यूयॉर्कमधली नोकरी गेली, घर जर्सीत: अनएम्प्लॉयमेंटचा अर्ज करावा का आणि कुठे?

सावली_१४ | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.५०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती वाचून गुपचूप पळ काढणारी. आज अडले म्हणून लिहितेय.

२४ ऑक्टोबरला माझी नोकरी गेली. नऊ वर्षं एकाच कंपनीत होते. सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग झाली, दुपारी लॅपटॉप परत केला. आमच्या गटातले अकरा जण एकाच दिवशी घरी. ऑफिस मॅनहॅटनमध्ये, घर न्यू जर्सीत. ग्रीन कार्ड आहे, वय ४६. दहा आठवड्यांचा सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनी देते ते पैसे) देऊ म्हणाले आहेत, पण त्या करारावर सही करायला ४५ दिवसांची मुदत आहे आणि मी अजून सही केलेली नाही. एक वकील मैत्रीण तो वाचून देतेय. सही झाल्यावरही पैसे डिसेंबरच्या मध्याला येतील असं कळलंय.

अनएम्प्लॉयमेंटचा अर्ज केलेला नाही. खरं सांगायचं तर हात धजावत नाही. आमच्या घरात 'फुकटचं नको' हे इतकं मुरलंय की बेकारी भत्ता म्हटलं की कुणापुढे तरी हात पसरल्यासारखं वाटतं. नवऱ्याची नोकरी आहे, त्यामुळे चूल पेटायची काळजी नाही. मग घ्यावा का? घेतला तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जाला काही डाग लागतो का? अर्ज जर्सीत करायचा की न्यूयॉर्कमध्ये? शिवाय डिसेंबरात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, तीन आठवडे भारतात जायचंय. त्याचं कसं करतात?

आईला अजून सांगितलेलं नाही.

जुनीजाणती | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.१५

सावली, बाकीचं नंतर वाच. आधी अर्ज भर. आज, आत्ता.

क्लेम सुरू होतो तो अर्ज केलेल्या आठवड्यापासून, नोकरी गेल्या दिवसापासून नाही. न्यूयॉर्कचा आठवडा सोमवार ते रविवार. म्हणजे रविवारच्या आत भरलास तर १० तारखेचा सोमवार धरला जाईल. २७ ऑक्टोबर आणि ३ नोव्हेंबरचे दोन आठवडे गेले म्हणून समज. अर्ज मागच्या तारखेपासून धरा अशी विनंती करता येते, पण त्याला सबळ कारण लागतं. 'मला लाज वाटत होती' हे कारण त्यांच्या यादीत नाही गं.

आणि तो 'भत्ता' शब्द मनातून काढ. हा विमा आहे, नावातच इन्शुरन्स आहे. नऊ वर्षं तुझ्या पगारामागे तुझ्या कंपनीने त्याचा हप्ता भरलाय. आईचं ऑपरेशन मेडिक्लेममधून झालं तर ती काय हात पसरते का? नवरा किती कमावतो, बँकेत किती शिल्लक आहे, यातलं काही ते विचारणारच नाहीत. गरिबी सिद्ध करावी लागत नाही. कमावून मिळवलेला हक्क आहे.

अर्ज न्यूयॉर्कमध्ये. जिथे काम केलंस त्या राज्यात, जिथे झोपतेस त्या राज्यात नाही.

मी २००१, २००९ आणि २०२० अशा तीन वेळा या दारातून गेलेय. पहिल्या वेळी तुझ्यासारखीच बसून राहिले होते, पाच आठवडे. त्या पाच आठवड्यांचं आजही वाईट वाटतं.

हिशेबनीस | १३ नोव्हेंबर, रात्री ८.०२

जुनीजाणती ताईंना अनुमोदन. हप्ता कोण भरतो ते जरा खुलासेवार सांगतो, कारण सगळा गैरसमज तिथेच आहे.

दोन कर असतात. एक केंद्राचा, ज्याला फ्यूटा म्हणतात. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वर्षातल्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर ६ टक्के. पण कंपनीने राज्याचा कर वेळेवर भरला असेल तर त्यात ५.४ टक्क्यांपर्यंत सूट मिळते. उरले ०.६ टक्के, म्हणजे माणशी वर्षाला ४२ डॉलर. हा ७,००० चा आकडा १९८३ पासून तसाच आहे. तेव्हापासून दुधापासून घरापर्यंत सगळं कुठल्या कुठे गेलं, हा मात्र जागचा हललेला नाही.

दुसरा कर राज्याचा, आणि खरे बेकारीचे पैसे त्यातून येतात. त्याचा दर कंपनीच्या इतिहासावर ठरतो. जितकी माणसं काढाल आणि जितके क्लेम लागतील, तितका दर वाढतो. गाडीच्या विम्यासारखंच, अपघात केलात की हप्ता वाढला. काही कंपन्या क्लेमला हरकत घेतात त्याचं मूळ इथे आहे. सावलीच्या बाबतीत सरळसरळ लेऑफ आहे, कुणी हरकत घेईल असं वाटत नाही.

कर्मचाऱ्याच्या पगारातून या विम्यासाठी थेट कपात फक्त तीन राज्यांत होते: न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का. जर्सीत नोकरी करणाऱ्यांनी आपली पे-स्टब (पगाराची पावती) काढून बघा, ती बारीकशी ओळ सापडेल.

शिस्तप्रिय | १३ नोव्हेंबर, रात्री ८.२०

सगळे एका सुरात बोलताहेत म्हणून वेगळं मत मांडतो. नवरा चांगला कमावतोय, सेव्हरन्स येतोय, तरी घ्यायचं? कायद्याने मिळतं म्हणून सगळंच घ्यायचं का? माझ्या ओळखीत दोघं जण सहा महिने आरामात घरी बसले होते. हे पैसे शेवटी आपल्याच खिशातून जातात.

जुनीजाणती | १३ नोव्हेंबर, रात्री ८.३१

शिस्तप्रिय, तुमच्या गाडीला कुणी ठोकली तेव्हा बँकेत पैसे होते म्हणून क्लेम केला नव्हता का?

आणि 'आरामात' कुणी बसू देत नाही हो. दर आठवड्याला लिहून द्यावं लागतं की मी काम करायला सक्षम आहे, उपलब्ध आहे आणि शोधतेय. न्यूयॉर्कमध्ये आठवड्याला किमान तीन प्रयत्न नोंदवावे लागतात. कुणी खोटं लिहीत असेल तर तो त्या माणसाचा खोटेपणा, विम्याचा दोष नव्हे.

खाडीकाठ | १३ नोव्हेंबर, रात्री ९.१०

कॅलिफोर्नियातून आरामाचा हिशेब देतो. इथे कमाल रक्कम आठवड्याला ४५० डॉलर, आणि ती २००५ पासून तीच आहे. तुमचा पगार एक लाख असो की तीन, ४५० च्या वर छदाम नाही. खाडीच्या आसपास राहणाऱ्याला विचारा, महिन्याच्या १,८०० मध्ये एका खोलीचं भाडं सुटतं का.

पहिला आठवडा 'वेटिंग वीक', त्याचे पैसे नाहीत. नंतर दर दोन आठवड्यांनी ऑनलाइन प्रश्नांची उत्तरं द्यायची. जास्तीत जास्त २६ आठवडे. मध्ये छोटं काम मिळालं तर ते घ्यावं. त्या आठवड्याच्या कमाईतले २५ डॉलर किंवा कमाईचा चौथा हिस्सा, यातली मोठी रक्कम सोडून देतात आणि उरलेलीच भत्त्यातून वजा करतात. मी एका आठवड्यात २०० डॉलरचं शिकवणीचं काम केलं होतं. ५० सोडले, १५० कापले, ३०० हातात आले. शिकवणीचे धरून ५००. म्हणजे काम करून तोटा होत नाही.

ही कमाल रक्कम वाढत नाही त्याचं एक कारण असंही आहे की कोविडच्या काळात राज्याने केंद्राकडून घेतलेलं कर्ज अजून डोक्यावर आहे, वीस अब्ज डॉलरच्या आसपास. ते फिटेपर्यंत कंपन्यांची फ्यूटातली सूट दरवर्षी कमी होत जाते.

संत्रेवाला | १३ नोव्हेंबर, रात्री ९.२५

४५० वर रडणाऱ्यांनी फ्लोरिडात यावं. २७५. तेही सध्या १२ आठवडे.

आणि इथे त्याला 'अनएम्प्लॉयमेंट' म्हणतही नाहीत, 'रीएम्प्लॉयमेंट असिस्टन्स' म्हणतात. बेकारी हटली नाही, नावातून तेवढी हटवली.

वाचनमात्र | १३ नोव्हेंबर, रात्री ९.४०

एकाच देशात इतका फरक कसा काय? मिसिसिपीत २३५, वॉशिंग्टन राज्यात नि मॅसॅच्युसेट्समध्ये हजाराच्या वर?

हिशेबनीस | १३ नोव्हेंबर, रात्री १०.०५

कारण ही एक योजना नाहीच, ५३ योजना आहेत. ५० राज्यं, वॉशिंग्टन डीसी, पोर्टो रिको आणि व्हर्जिन आयलंड्स.

गोष्ट रंजक आहे. पहिला कायदा १९३२ मध्ये विस्कॉन्सिनने केला. बाकीची राज्यं कचरत होती, कारण एकट्यानेच कर बसवला तर उद्योग शेजारच्या राज्यात पळतील ही धास्ती. रूझवेल्ट यांच्या मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांच्यासमोर प्रश्न होता की केंद्राने सगळं हातात घेतलं तर सर्वोच्च न्यायालय ते रद्द करेल. मग १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात युक्ती केली: केंद्राने सगळ्याच मालकांवर कर बसवायचा, आणि ज्या राज्याने स्वतःची योजना केली असेल तिथल्या मालकांना त्यात सूट द्यायची. वर सांगितलेली ५.४ टक्क्यांची सूट ती हीच. दोनेक वर्षांत सगळी राज्यं निमूट रांगेत आली. १९३७ मध्ये न्यायालयानेही ५ विरुद्ध ४ मतांनी हे मान्य केलं.

पण रक्कम किती, आठवडे किती, अटी काय, हे राज्यांवरच राहिलं. त्याची फळं संत्रेवाला चाखताहेत.

सावलीसाठी कामाचं: न्यूयॉर्कची कमाल रक्कम गेल्या महिन्यापर्यंत ५०४ होती. राज्याने आपलं कर्ज फेडलं आणि ऑक्टोबर २०२५ पासून ती ८६९ झाली. जर्सीत २०२५ साठी ८७५ आहे, म्हणजे राज्य चुकल्याचं दुःख सहा डॉलरांचंच.

नवखा_टेक्सन | १३ नोव्हेंबर, रात्री १०.४०

धागा पळवतोय, माफ करा. मी एच-वन-बीवर (कामाच्या व्हिसावर) आहे, टेक्सासमध्ये. मागच्या शुक्रवारी लेऑफ झाला. मलाही भरता येईल का? एक मित्र म्हणतो बिनधास्त भर, दुसरा म्हणतो भरलंस तर परत व्हिसा मिळणार नाही. झोप उडालीय.

कागदोपत्री | १३ नोव्हेंबर, रात्री ११.२०

नवखा, आधी शांतपणे एक ग्लास पाणी पी. दोघेही मित्र अर्धवट सांगताहेत.

दुसऱ्या मित्राचं आधी. बेकारी विमा घेतला म्हणून तू 'पब्लिक चार्ज', म्हणजे सरकारवरचा बोजा, ठरत नाहीस. इमिग्रेशन खातं याला कमावलेला लाभ मानतं, सरकारी मदत नव्हे. सावलीच्या नागरिकत्वाच्या प्रश्नालाही हेच उत्तर.

आता पहिल्या मित्राचं. अडचण वेगळीच आहे. विमा मिळायला त्या त्या आठवड्यात तू 'कामासाठी उपलब्ध' असायला हवास. तुझा कामाचा परवाना एकाच कंपनीला बांधलेला होता आणि ती नोकरी संपली. उद्या शेजारच्या दुकानाने 'ये कामावर' म्हटलं तर तू कायद्याने जाऊ शकत नाहीस. म्हणून पुष्कळ राज्यं एच-वन-बीवाल्यांना 'उपलब्ध नाही' म्हणून नाकारतात. अर्ज करणं हा गुन्हा नाही, पण परवान्याच्या प्रश्नाला जे खरं आहे तेच उत्तर द्यायचं. तिथे खोटं लिहिलंस तर मात्र दुसऱ्या मित्राचं भाकीत वेगळ्या वाटेने खरं होईल.

हाच नियम उलट बाजूने: ज्यांचं ग्रीन कार्ड, एच-फोरचा (एच-वनवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसाचा) ईएडी म्हणजे कामाचा परवाना, किंवा ४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) प्रलंबित असतानाचा ईएडी आहे, ते कुठेही काम करू शकतात. त्यांनी निःशंक अर्ज करावा. तुझ्याकडे ४८५ वरचा ईएडी असेल तर लगेच सांग, मग सगळं चित्रच बदलतं.

तुझा खरा घड्याळाचा काटा वेगळा आहे. इथे राहायला नोकरी संपल्यापासून सलग ६० दिवस, किंवा आय-नाइन्टी-फोरची (देशात राहण्याच्या मुदतीच्या नोंदीची) तारीख, यात जे आधी येईल ते. दिवस मोजताना शेवटचा दिवस म्हणजे सहसा ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला तो. सेव्हरन्स मिळतोय म्हणून मुदत वाढत नाही. त्या मुदतीत नव्या कंपनीने पिटिशन (तुझ्यासाठी एच-वनचा अर्ज) दाखल केलं की दाखल झाल्यावर काम सुरू करता येतं, मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. ते जमत नसेल तर मुदतीच्या आत स्टेटस बदलायचा अर्ज: बायकोचं एच-वन असेल तर एच-फोर, नाहीतर बी-टू, म्हणजे पर्यटकाचा. आणि कंपनीने एच-वनची मुदत संपण्याआधी काढून टाकलं असेल आणि तू भारतात परत जाणार असशील, तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असतो. हे फार थोडे मागतात.

वकील गाठ, आणि उद्याच. इथले प्रतिसाद सल्ला म्हणून नव्हे, प्रश्न कोणते विचारायचे ते कळायला वाच.

नवखा_टेक्सन | १३ नोव्हेंबर, रात्री ११.३५

ईएडी नाही. बायको एच-फोरवरच आहे. म्हणजे मोजणी सुरू. पण निदान काय मोजायचं ते कळलं. मनापासून धन्यवाद ताई.

उडाणटप्पू | १४ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

@सावली, भारतवारीचं इतकं काय? भावाला पासवर्ड देऊन जा, तो दर रविवारी क्लिक करेल. नाहीतर कुठून लॉगिन केलं ते लपवायला व्हीपीएन आहेच. सगळे करतात.

हिशेबनीस | १४ नोव्हेंबर, सकाळी ८.१२

सगळे करत नाहीत, आणि जे करतात त्यातले काही जण नंतर माझ्यासमोर पत्र घेऊन बसतात.

देशाबाहेर असलेल्या आठवड्यात तू कामासाठी उपलब्ध नाहीस, त्या आठवड्याचे पैसे लागू होत नाहीत. दुसऱ्याने तुझ्या नावाने उत्तरं दिली तर ती फसवणूक. घेतलेले पैसे परत, वर दंड. केंद्राच्या कायद्याने दंड किमान १५ टक्के, कॅलिफोर्नियात ३० टक्के. पुढच्या क्लेमवर बंदी येऊ शकते, ती वेगळीच. आणि ग्रीन कार्डवाल्या माणसाने सरकारला खोटं लिहून देणं म्हणजे सावलीला ज्या डागाची भीती होती तो स्वतः विकत घेणं.

जुनीजाणती | १४ नोव्हेंबर, सकाळी ९.००

सावली, तू खुशाल जा. डोळ्याचं ऑपरेशन म्हटल्यावर लेक हवीच. त्या तीन आठवड्यांचं सर्टिफिकेशन (दर आठवड्याला लिहून द्यायचं ते) करायचं नाही, एवढंच. ते पैसे बुडत नाहीत. क्लेमचं वर्ष अर्जापासून बारा महिन्यांचं असतं, त्यात २६ आठवड्यांइतके पैसे तुझ्या नावावर असतात. परत आलीस की क्लेम पुन्हा सुरू करायचा आणि उरलेले आठवडे घ्यायचे. मी २००९ मध्ये सासऱ्यांच्या आजारपणात असंच केलं होतं.

सेव्हरन्सबद्दल मला न्यूयॉर्कचे नियम नीट आठवत नाहीत. हिशेबनीस, सांगता का?

हिशेबनीस | १४ नोव्हेंबर, सकाळी ९.४५

हो. हा मुद्दा राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात सेव्हरन्समुळे सहसा काही अडत नाही. टेक्सासमध्ये तो आड येतो, पण कंपनीवरचे कायदेशीर दावे सोडून दिल्याच्या करारापोटी दिलेली रक्कम सेव्हरन्स धरली जात नाही. जर्सीत नोटिशीऐवजी दिलेला पगार अडवतो.

न्यूयॉर्कचं असं: सेव्हरन्सची पहिली रक्कम नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत मिळाली, आणि आठवड्याला पाडली तर कमाल भत्त्यापेक्षा जास्त भरली, तर तितक्या आठवड्यांचा भत्ता नाही. ३० दिवसांनंतर मिळाली तर परिणाम नाही.

आता सावलीची तारीखवारी बघा. शेवटचा दिवस २४ ऑक्टोबर. तीस दिवस २३ नोव्हेंबरला भरतात. चाळिशी ओलांडलेल्यांना सामूहिक लेऑफमध्ये करार वाचायला ४५ दिवस द्यावेच लागतात, सही केल्यावर मागे घ्यायला आणखी ७. कंपनीच म्हणतेय की पैसे डिसेंबरच्या मध्याला. म्हणजे तो सेव्हरन्स या क्लेमच्या आड येत नाही. मुद्दाम लांबवा असं मी सांगत नाहीये, जे घडतंय तेच असं आहे. रक्कम आणि तारीख मात्र जशीच्या तशी कळवायची, निर्णय त्यांना घेऊ दे.

मला वाटलं होतं की सेव्हरन्समुळे ते दोन आठवडे तसेही मिळालेच नसते, तेव्हा उशिराचं फार मनावर घेऊ नका असं लिहावं. पण हिशेब केल्यावर दिसतंय की एक आठवडा वेटिंगचा जाऊन एकाचे तरी पदरात पडले असते. ८६९ डॉलरची लाज झाली ही.

सावली_१४ | १४ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

😶

काल रात्रीच भरला. पाऊण तास लागला. सोशल सिक्युरिटी नंबर, गेल्या दीड वर्षातल्या नोकरीचे पत्ते, कंपनीचा फेडरल नंबर (तो डब्ल्यू-टूवर, म्हणजे वर्षाच्या पगाराच्या कागदावर सापडला), ग्रीन कार्डाचा नंबर. 'नोकरी का संपली' याच्या उत्तरांत 'लॅक ऑफ वर्क' असा पर्याय होता. बाईगं, तो निवडताना इतकं हलकं वाटलं! तीन आठवडे मी स्वतःशी 'मला काढलं' म्हणत होते आणि तिथे लिहिलं होतं, काम नव्हतं.

बडतर्फ_बंडू | १४ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

सावलीताईंचं सोपं होतं, माझ्यासारख्यांसाठी लिहून ठेवतो. मला लेऑफ नव्हे, 'काम समाधानकारक नाही' म्हणून काढलं. राज्य आणि कंपनी सांगत नाही.

सगळे म्हणाले फायर झालास, विसर. मी अर्ज केला. कंपनीने 'मिसकंडक्ट' (गैरवर्तन) लिहून हरकत घेतली आणि पहिला निकाल माझ्याविरुद्ध लागला. इथे बहुतेक जण सोडून देतात. पण काम नीट न जमणं आणि मुद्दाम नियम मोडणं यात कायदा फरक करतो. मी अपील केलं. फोनवर सुनावणी झाली, न्यायाधीश बाई अगदी शांतपणे दोन्ही बाजूंना विचारत होत्या. कंपनीच्या माणसाकडे मला दिलेली एकही लेखी ताकीद नव्हती. माझ्याकडे त्याच वर्षीचं 'अपेक्षेनुसार' लिहिलेलं मूल्यमापन होतं. तेवढ्यावर निकाल फिरला.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. अपिलाची मुदत फार थोडी असते. टेक्सासमध्ये १४ दिवस, कॅलिफोर्नियात ३०. पत्राचा लिफाफा फेकू नका, तारीख त्यावर असते. दुसरं, नाकारलेलं असलं तरी अपील चालू असताना दर आठवड्याचं सर्टिफिकेशन करत राहा. मी दोन महिने 'शून्य, शून्य' बघत क्लिक करत होतो. जिंकल्यावर ते सगळे आठवडे एकदम मिळाले. केलं नसतं तर जिंकूनही हात रिकामे.

राजीनामा दिलेल्यांचं अवघड आहे. स्वतःहून सोडली तर सबळ कारण तुम्हाला सिद्ध करावं लागतं. म्हणून कुणी 'तूच राजीनामा दे, रेझ्युमेला बरं दिसेल' असं गोड बोलून सुचवलं तर लगेच मान डोलवू नका.

शिस्तप्रिय | १४ नोव्हेंबर, दुपारी १.०५

बंडू, हे माहीत नव्हतं. माझ्या ओळखीतल्या त्या दोघांपैकी एकाला असंच काढलं होतं. आराम म्हणालो ते जरा घाईनं म्हणालो.

खाडीकाठ | १४ नोव्हेंबर, दुपारी १.४०

@सावली, रक्कम ठरवताना 'बेस पीरियड' धरतात. गेल्या पाच पूर्ण तिमाहींपैकी पहिल्या चार. तुम्ही नोव्हेंबरात भरलंत, म्हणजे जुलै २०२४ ते जून २०२५. शेवटचे काही महिने त्यात येतच नाहीत. तुम्हाला फरक पडणार नाही. पण ज्याने या एप्रिलमध्येच पहिली नोकरी धरली त्याला एकच तिमाही दिसेल. त्याने 'आल्टर्नेट बेस पीरियड' मागावा. त्यात शेवटच्या चार पूर्ण तिमाही धरतात. पत्रात प्रत्येक तिमाहीचा पगार छापलेला येतो, तो डब्ल्यू-टूशी ताडून बघा.

कागदोपत्री | १४ नोव्हेंबर, दुपारी २.१०

अवांतर पण गरजेचं: विमा म्हणजे फक्त पैसे नव्हेत. कोब्रा नावाच्या कायद्याने जुन्या कंपनीचा आरोग्यविमा १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, पण प्रीमियमचा १०२ टक्के भार आपल्यावर. ठरवायला ६० दिवस असतात. मार्केटप्लेसचीही (स्वतः आरोग्यविमा घ्यायच्या सरकारी बाजाराची) ६० दिवसांची खिडकी असते. सावली, नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात जायचं असेल तर तिथली मुदत बहुधा ३० दिवसांचीच असते. म्हणजे तुझी २३ तारखेच्या आसपास संपतेय. आजच विचार.

सावली_१४ | १४ नोव्हेंबर, दुपारी २.२५

अरे देवा. नवऱ्याला फोन लावते.

हिशेबनीस | १५ नोव्हेंबर, सकाळी ११.००

कराचं राहिलं होतं. या पैशांवर केंद्राचा आयकर लागतो. जानेवारीत टेन-नाइन्टी-नाइन-जी नावाचा कागद येतो. अर्ज करताना १० टक्के कापून घ्या असं सांगता येतं, ते सांगून टाका, नाहीतर एप्रिलमध्ये दोघांच्या उत्पन्नावर एकदम फटका बसतो. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया बेकारीच्या पैशांवर राज्याचा कर घेत नाहीत. पण सावलीचा भत्ता न्यूयॉर्कमधल्या कामावरचा आहे, त्यामुळे जर्सीत राहूनही न्यूयॉर्कच्या रिटर्नमध्ये तो दाखवावा लागेल. हा पूल ओलांडणाऱ्यांचा जुनाच जाच.

छोटं काम केलंत तर कमाई कापण्याआधीची, आणि ज्या आठवड्यात काम केलं त्या आठवड्यात लिहायची. चेक कधी आला ते महत्त्वाचं नाही. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि प्रामाणिक माणसांच्या होतात.

सावली_१४ | ३० नोव्हेंबर, रात्री ८.१५

हजर आहे. नवऱ्याच्या विम्यात नाव लागलं, मुदत संपायला दोन दिवस असताना. कागदोपत्री ताई, तुमचे पाय धरायला हवेत.

पत्र आलं. तिमाहींचे आकडे बरोबर, रक्कम ८६९. मध्ये ओळख पटवण्यासाठी पासपोर्टचा फोटो आणि स्वतःचा चेहरा दाखवण्याचा प्रकार झाला. तीनदा 'पुन्हा प्रयत्न करा' आलं, चौथ्यांदा खिडकीपाशी उभी राहिले तेव्हा मान्य झालं. पहिला आठवडा वेटिंगचा, दुसऱ्याचे पैसे परवा खात्यात आले. भारतात १० डिसेंबरला निघतेय, त्या आठवड्यांना हात लावणार नाही.

आईला फोनवर सांगितलं. नोकरी गेली म्हटल्यावर ती काही बोलली नाही. विम्याचे पैसे मिळतात म्हटल्यावर म्हणाली, "मग कागद नीट जपून ठेव." एवढंच!

एक शंका राहिली. आठवड्याचे तीन प्रयत्न नोंदवायचे ना? परवा जुन्या सहकाऱ्याला फोन करून त्याच्या कंपनीत जागा आहे का विचारलं. हे धरतात का?

जुनीजाणती | ३० नोव्हेंबर, रात्री ८.४०

धरतात. तारीख, त्याचं नाव, कंपनी, फोन की ईमेल, आणि तो काय म्हणाला ते वहीत लिही. मागितलं तर दाखवावं लागतं. पुढच्या वेळी त्याच्याकडे रेझ्युमेही पाठव, म्हणजे तो आणखी एक.